आडवी तीनचाकी: आधी स्टिअरिंग, मग फ्रेम

प्रश्न जालना जिल्ह्यातून आला आहे. पुढे दोन वीस इंची चाकं, मागे एक सव्वीस इंची, अशी रेलून बसून चालवायची तीनचाकी गावातल्याच वेल्डिंगच्या दुकानात तयार झाली. गाडी चालते, पण ताशी २० किमीच्या वर गेली की हँडल थरथरतं. एकट्या डाव्या चाकाचा ब्रेक दाबला की हँडल हातातून हिसकतं. ३०० किमीत पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले आणि एका गतिरोधकावर डावा एक्सल वाकला. जुन्या सायकलींच्या चिमट्यांच्या दांड्या किंगपिन म्हणून, म्हणजे ज्याभोवती चाक वळतं तो खिळा म्हणून, उभ्या सरळ बसवल्यात, त्यांना जोडलेले स्टिअरिंग आर्म सरळ मागे काढलेत, दोन्ही आर्म जोडणारा टाय-रॉड एकच आहे. विचारलंय ते असं: थरथर शोषणारा डॅम्पर लावून भागेल का? नाही तर परत बांधताना क्रम काय ठेवायचा?

डॅम्परने भागणार नाही. चारपैकी तीन दुखणी किंगपिनच्या रेषेची आणि स्टिअरिंग आर्मच्या कोनाची आहेत, चौथं एक्सलच्या जाडीचं. फ्रेम मात्र भंगारात घालू नका. मधला पाइप, सीट, मागचा त्रिकोण राहू द्या. आडव्या पाइपची दोन्ही टोकं ग्राइंडरने कापा आणि तिथून पुढचं नव्याने करा.

बहुतेक जण सुरुवात फ्रेमपासून करतात. फ्रेम झाली की तिच्या टोकांना चाकं कशी लावायची हे बघतात. इथेच गाडी बिघडते. पुढचं चाक जमिनीला जिथे टेकतं त्या जागेला पुढे नुसतं ‘टेक’ म्हणतो. सगळी मापं या टेकापासून वर मोजायची: टेक, मग किंगपिन, मग आडवा पाइप आणि शेवटी मधला पाइप. सायकलवाल्यापेक्षा ट्रॅक्टरचा मिस्त्री इथे जास्त कामाचा. किंगपिन, बुश, टाय-रॉड, टो-इन (दोन्ही चाकांची पुढची बाजू जराशी आत ठेवणं) हे सगळं त्याच्या रोजच्या हाताखालचं असतं.

आधी किंगपिनची रेषा. समोरून बघितलं तर किंगपिनचा वरचा भाग गाडीच्या आत झुकलेला हवा, इतका की ती रेषा खाली वाढवली तर बरोबर टायरच्या मध्यावर जमिनीला भिडेल. तुमच्या गाडीत दांडी उभी आहे आणि टायरच्या मध्यापासून साधारण ६ सेमी आत आहे. म्हणजे ब्रेक लागला की चाक त्या ६ सेमीच्या तरफेने दांडीभोवती फिरायला बघतं. ब्रेकचा जोर २० किलो धरला तर ३० सेमी लांब हँडलच्या टोकाला ४ किलोचा हिसका बसतो. दोन्ही ब्रेक सारखे लागले तर हिसके टाय-रॉडमध्ये एकमेकांना खाऊन टाकतात, एकच लागला की सगळा हातावर येतो. खड्ड्यात एकच चाक आदळलं तरी हेच होतं. रेषा टेकातून गेली की तरफच उरत नाही.

हा कल किती ठेवायचा ते चाकाच्या त्रिज्येवर आणि अंतरावर ठरतं. टायरच्या कडेला ४७-४०६ असे आकडे असतील तर हवा भरल्यावर त्रिज्या जवळपास २५० मिमी भरते. एक्सलच्या उंचीवर टायरचा मध्य आणि किंगपिनची मध्यरेषा यांत ६० मिमी अंतर असेल तर कल १३.५ अंश येतो, ५५ असेल तर १२.४, ६५ असेल तर १४.६. डिस्क आणि कॅलिपर बसवायचे असतील तर ६० च्या खाली जाणं अवघड. ६५ च्या वरही जाऊ नका, कारण कल जितका जास्त तितकी हँडल वळवताना गाडी उचलली जाते आणि हँडल जड होतं. (टायर घेताना कडेवरचा ४०६ हा आकडा बघूनच घ्या. ‘वीस इंची’ नावाखाली २० बाय १ ३/८ चे टायरही मिळतात, ते या रिमवर चढत नाहीत.)

आता बाजूने बघा. किंगपिनचा वरचा भाग मागे झुकलेला हवा, म्हणजे त्याची रेषा टेकाच्या पुढे जमिनीला भिडते आणि चाक मागून ओढलं जातं. कापडाच्या दुकानातल्या ट्रॉलीचं चाक ढकललं की आपोआप सरळ होतं, तोच प्रकार. किंगपिनच्या या मागच्या झुकावाला कॅस्टर म्हणतात, तो १२ अंश ठेवा. एक्सल किंगपिनच्या रेषेवरच असेल तर रेषा टेकाच्या ५३ मिमी पुढे पडते. १० अंशांच्या खाली गेलात तर वेगात हात सोडवत नाही, १४ च्या वर गेलात तर संथ वळणावर हँडल ढकलावं लागतं. तुमच्याकडे कॅस्टर शून्य आहे, थरथरण्याचं मोठं कारण तेच. एक चूक सर्रास होते: दोन्ही हेडट्यूब, म्हणजे किंगपिन ज्यांत फिरतो त्या नळ्या, टेबलावर आरशासारख्या बरोबर मांडल्या जातात, पण गाडीला लावताना पुढचं-मागचं उलटतं आणि कॅस्टर पुढे झुकतो. टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारायच्या आधी खडूने प्रत्येक ट्यूबवर ‘वर’, ‘पुढे’, ‘बाहेर’ असं लिहून ठेवा.

मोजायला मोबाइलचं ॲप वापरू नका. दोन दिशांना झुकलेल्या नळीवर मोबाइल जसा धराल तसा आकडा देतो. ओळंबा आणि फूटपट्टी पुरते. शहाबादी फरशीचा सपाट तुकडा निवडा, पाण्याच्या ट्यूबने लेव्हल बघा, नाही तर आठ बाय चारचा १८ मिमी प्लाय पसरा. नीळ लावलेल्या दोरीने मध्यरेषा मारा, तिला काटकोनात एक्सलची रेषा मारा. मध्यरेषेपासून दोन्हीकडे ३८० मिमीवर खूण करा, हे झाले दोन टेक, म्हणजे त्यांच्यातलं अंतर, ट्रॅक, ७६०. प्रत्येक टेकाच्या सरळ पुढे ५३ मिमीवर फुली मारा. किंगपिनची रेषा या फुलीवर पडली पाहिजे.

आता १२ मिमीची ब्राइट बारची सळई घ्या, अर्धा मीटर लांब. हेडट्यूबच्या दोन्ही तोंडांत घट्ट बसतील असे दोन बुश लेथवर उतरवा, मधोमध १२ मिमीचं भोक. सळई बुशांतून ट्यूबमध्ये सरकवा आणि तिचं खालचं टोक फुलीवर टेकवा. जमिनीपासून ४०० मिमी उंचीवर सळईला दोऱ्याचा ओळंबा बांधा. तो स्थिर झाला की त्याचं टोक फुलीपासून ९६ मिमी आत आणि ८५ मिमी मागे पडलं पाहिजे. हे दोन आकडे जुळले म्हणजे कल आणि कॅस्टर दोन्ही जुळले, कोनमापक लागलाच नाही. हेडट्यूबचा मध्य जमिनीपासून ३३० मिमीवर येईल अशी ट्यूब सळईवर सरकवा. त्या उंचीवर दोन ट्यूबांच्या मध्यांतलं अंतर ६०२ मिमी भरेल आणि त्या एक्सलच्या रेषेच्या १७ मिमी मागे असतील. याच जागी ट्यूब लाकडी ठोकळ्यांनी आवळून ठेवा आणि मग आडवे पाइप कापायला घ्या. पाइपची टोकं ट्यूबच्या गोलाईला जुळेपर्यंत घासा. फट वेल्डने भरायची सवय इथे महागात पडते, वेल्ड थंड होताना आकसतो आणि ट्यूब फटीकडे ओढतो.

आडवा पाइप सरळ राहत नाही, मधून बाहेर जाताना वर चढतो, कारण हेडट्यूब एक्सलच्या वर बसते आणि मधला पाइप खाली हवा. मधल्या पाइपखाली १३० ते १५० मिमी मोकळं ठेवा. परदेशी नकाशांत याहून कमी असतं, पण तिथे आपले गतिरोधक नाहीत. सीटचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून २८० ते ३०० मिमी, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, १०२० मिमी.

हेडट्यूबसाठी जुन्या गिअरच्या सायकलीची सव्वा इंचाजवळची जाड ट्यूब सीलबंद बेअरिंगसह मिळाली तर उत्तम. साध्या सायकलीची एक इंची ट्यूबही चालते, कप आणि सुटे छर्रे नवे टाका. ट्यूब १०० ते ११० मिमी लांब ठेवा. त्याहून आखूड केलीत तर कपांमधली बारीकशी ढिलाई चाकाच्या टोकाला मोठी होऊन दिसते.

एक्सलकडे वळू. सायकलचा नेहमीचा एक्सल दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरलेला असतो, इथे तो एकाच बाजूने धरलेला आहे. शिवाय तीनचाकी वळणावर झुकत नाही, त्यामुळे बाजूचा सगळा जोर चाकावर येतो. टेकाशी ५०० न्यूटन, म्हणजे साधारण ५० किलो बाजूने लागले तर २५० मिमीच्या त्रिज्येने एक्सलच्या मुळाशी १२५ न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर येतो. १२ मिमी जाडीच्या एक्सलमध्ये त्याने ७३० मेगापास्कलच्या वर ताण होतो. ८.८ चा बोल्ट ६४० ला वाकायला लागतो, १०.९ चा ९०० पर्यंत टिकतो. ८.८ किंवा १०.९ हे आकडे बोल्टच्या डोक्यावर उठवलेले असतात, नसतील तर तो बोल्ट घेऊच नका. तेच १५ मिमीचा एक्सल घेतला तर ताण ३८० च्या आत येतो. तुमचा १० मिमीचा होता, तो गतिरोधकावर वाकला यात नवल नाही.

म्हणून १५ मिमीच घ्या. ईएन-२४ जातीच्या स्टीलचा, कडक केलेला बार चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या एमआयडीसीत टूलरूमला माल पुरवणाऱ्यांकडे मागा. साधा ईएन-८ नको. बाहेरच्या टोकाला कॉलर, आतल्या टोकाला १४ मिमीचे आटे. आटे एक्सलचा सर्वांत अशक्त भाग, ते जिथे जोर जास्त तिथे येता कामा नयेत. पूर्ण १५ मिमीचा भाग बॉसच्या आत किमान २५ मिमी गेला पाहिजे आणि आटे बॉसच्या पलीकडे बाहेर निघाले पाहिजेत, तिथे नायलॉक नट. बॉस म्हणजे ३० ते ३२ मिमी जाड गोल बारचा तुकडा, मधून १५ चं भोक, किंगपिनच्या दांडीच्या खालच्या टोकाला वेल्ड केलेला आणि दोन त्रिकोणी पट्ट्यांनी आधार दिलेला. दांडी आणि बॉस यांतला खालच्या बाजूचा कोन ७६.५ अंश, म्हणजे दांडी १३.५ अंश झुकली तरी चाक उभं राहतं. एक्सल स्वतः कधीही वेल्ड करू नका. कडक स्टीलला वेल्डची आच लागली की त्याच्या शेजारची रेघ ठिसूळ होते आणि वाकण्याऐवजी ते थेट तुटतं. बोल्ट वेल्ड करून बनवलेले एक्सल बघायला मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

हबमध्ये ६२०२ बेअरिंग दोन, १५ मिमी भोक, ३५ मिमी बाहेरचा व्यास, ११ मिमी जाडी. मोटरसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात ती मिळतात. दोन बेअरिंगांत ४५ ते ५० मिमी अंतर ठेवा. त्यांच्या मधली नळी, म्हणजे स्पेसर, नीट समजून घ्या. नट आवळला की कॉलर, बाहेरचं बेअरिंग, स्पेसर, आतलं बेअरिंग, छोटा बुश आणि बॉस हे सगळे एका रांगेत दाबले जातात. स्पेसर हबमधल्या दोन खाचांतल्या अंतरापेक्षा आखूड असेल तर दाब छर्ऱ्यांवर येतो आणि चाक जाम फिरतं. मग लोक नट सैल करतात आणि चाक डोलायला लागतं. स्पेसर त्या अंतराएवढा किंवा केसभर, दहावा भाग मिमी, लांब हवा. हे ठीक झालं की नट पूर्ण आवळूनही चाक बोटाने फिरतं. चाकाला ३६ आरे लावा आणि हबच्या दोन्ही कडा रिमच्या मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवा. एका बाजूला ओढलेलं चाक वळणावर आधी तिकडचे आरे तोडतं. मागचं चाकही ३६ आऱ्यांचंच घ्या.

आता टायर झिजण्याचं. वळताना आतल्या चाकाला लहान वर्तुळ पडतं, बाहेरच्याला मोठं, म्हणून आतलं चाक जास्त वळायला हवं. तुमचे आर्म सरळ मागे आहेत, दोन्ही चाकं सारखीच वळतात आणि वळणावर एकाला फरफटावं लागतं. आतलं चाक जास्त वळवणाऱ्या मांडणीला ॲकरमन म्हणतात. कल्पना म्युनिकच्या बग्ग्या बनवणाऱ्या लँकेन्सपर्गरची, १८१८ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं ॲकरमनने, आणि नाव त्याचंच राहिलं.

ठरलेला सल्ला असा मिळतो की किंगपिनपासून मागच्या एक्सलच्या मध्याकडे दोरी ताणा आणि तिच्यावर आर्म बसवा. सल्ला वाईट नाही, पण अपुरा आहे. ७६० ट्रॅक आणि १०२० व्हीलबेसला आतलं चाक ३० अंश वळलं तर बाहेरचं २२ वळायला हवं, आतलं २० तर बाहेरचं १६. एकच टाय-रॉड आणि किंगपिनमध्ये ६४० मिमी अंतर धरून मांडलं तर मागच्या एक्सलकडे रोखलेल्या आर्मनी बाहेरचं चाक २५ अंश वळतं, म्हणजे तीन अंशांची फरफट उरते. दोरी मागच्या एक्सलऐवजी पुढच्या एक्सलपासून ६८० मिमीवर, म्हणजे व्हीलबेसच्या दोन तृतीयांशावर बांधली तर आकडा २२.७ वर येतो, आणि २० अंशांना १६.८. एवढी चूक टायरला कळत नाही. तेव्हा आर्म ८० मिमी लांब, २५ अंश आत वळलेला: टोक किंगपिनपासून ३४ मिमी आत आणि ७२ ते ७३ मिमी मागे. टाय-रॉड एक्सलच्या पुढे घ्यायचा असेल तर आर्म बाहेर वळवावे लागतात आणि ते आऱ्यांना लागतात, म्हणून मागेच घ्या.

आर्म वेल्ड करण्याआधी पुठ्ठ्याची चाचणी करा. ठोकळ्यावर दोन खिळे ६४० मिमीवर, पुठ्ठ्याचे दोन आर्म, एक पट्टी टाय-रॉड म्हणून, आणि खाली कोनमापक. अर्धा तास जातो, पण तुमचा ट्रॅक वेगळा असेल तर कोन किती बदलायचा ते डोळ्यांनी दिसतं. ३२ अंशांवर दोन्हीकडे थांबा लावा, ८ मिमीचा बोल्ट आणि लॉक नट पुरतो. नाही तर वळताना टायर पिंढरीला लागतो. ३० अंशांवर बाहेरचं चाक साडेपाच मीटर व्यासाचं वर्तुळ काढतं. गावातल्या बोळात एका दमात वळणार नाही, मागे-पुढे करावंच लागेल.

टाय-रॉडला दोन्ही टोकांना ८ मिमीचे रॉड एंड (आत गोळा असलेले फिरते सांधे) लावा, एक उजव्या आट्याचा, एक डाव्या आट्याचा. मग टोकं न सोडवता नुसता रॉड फिरवला की लांबी बदलते. रॉड एंड आर्मच्या एकाच बाजूला बोल्टने लटकवू नका, त्याचा बोल्ट वाकतो आणि भोक अंडाकृती होतं. दोन पट्ट्यांच्या मध्ये धरा. रॉड एंडची ढिलाई कॅस्टर बरोबर असलेल्या गाडीतही थरथर आणते. म्हणून थरथर जाणवली की आधी एक जण बसवा, चाक हाताने हलवा आणि कुठे टक्कन वाजतं ते बोट लावून बघा.

टो-इन शेवटी, आणि माणूस सीटवर बसवूनच. वजनाने आडवा पाइप मधोमध किंचित खाली जातो, दोन्ही चाकांची डोकी जराशी आत येतात आणि रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप बदलतं. दोन्ही टायरांवर मध्यावर खडूची खूण करा, खुणा एक्सलच्या उंचीला पुढे आणा, त्यांच्यातलं अंतर मोजा. गाडी ढकलून त्याच खुणा मागे आणा, पुन्हा मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा १ ते २ मिमी कमी हवं. तीच खूण दोन्हीकडे मोजली की रिमचा वाकडेपणा मापात येत नाही. पुढे-मागे १० मिमीचा फरक राहिला तर दोन्ही चाकं मिळून दर किलोमीटरला २० मीटर आडवी घासतात. ३०० किमीत टायर संपले त्यात याचाही वाटा असणारच.

हँडल प्रत्येक किंगपिनच्या दांडीलाच थेट जोडा. सीटखालच्या मधल्या पिव्हटवरून दोन दांड्यांनी चालवायचं स्टिअरिंग हाताला छान लागतं, पण जोड वाढले की ढिलाई वाढते. पहिल्या गाडीला ते नको.

ब्रेक दोन्ही पुढच्या चाकांना डिस्क, १६० मिमी. हबवर सहा बोल्टांची जागा ४४ मिमीच्या वर्तुळावर आखा, म्हणजे बाजारातली डिस्क बसते. कॅलिपरची पट्टी किंगपिनसोबत फिरणाऱ्या भागाला लावायची, फ्रेमला नाही. डिस्क दोन्हीकडे आतल्या बाजूला येते, म्हणून उजवं चाक नेहमीच्या सायकलीसारखं असतं आणि डावं त्याचं उलटं. डाव्याला डिस्क पालटून लावा, तिच्यावरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेलाच राहिला पाहिजे. मागे एक साधा रिम ब्रेक ठेवा, तो उतारावर गाडी उभी करायला. कन्नडच्या औट्रम घाटासारख्या उतारावर मात्र तो सतत दाबून ठेवायचा नाही. पुढचे दोन्ही सारखे, सोडत-दाबत लावायचे.

पाइप ४० बाय ४० चा एमएस, २ मिमी जाडीचा, मीटरला २.४ किलो भरतो. १६ गेजचा, १.६ मिमीचा, मीटरला १.९ भरतो आणि चांगला वेल्डर असेल तर तोही पुरतो. पुढचा पेडलचा पाइप ३५ बाय ३५ चा, तो ४० च्या आत सरकतो, पण ४० च्या पाइपच्या आतली वेल्डची शिवण आधी कानसने काढावी लागते. जीआय पाइप नको, जस्ताच्या धुराने वेल्डर आजारी पडतो. आर्क वेल्डिंग असेल तर २.५ मिमीचा ६०१३ रॉड, ७० ते ८० अँपिअर, आणि एका जागी २० मिमीपेक्षा लांब रेघ ओढू नका. एक रेघ डावीकडे, दुसरी उजवीकडे, मध्ये हात लागेपर्यंत थंड. हेडट्यूबला चार टॅक मारल्यावर सळई परत घाला आणि ओळंबा परत बघा. आता चुकला असेल तर हातोडीने सरळ होतो, पूर्ण वेल्डनंतर ग्राइंडरच लागतो. कपांच्या जागा वेल्डच्या आचेने अंडाकृती होतात, म्हणून वेल्ड करताना जुने कप आत ठोकलेले राहू द्या आणि नंतर फेकून द्या.

वजनाची वाटणी तपासायला धान्याचा काटा पुरतो. एक पुढचं चाक काट्यावर, बाकी दोघांखाली तितक्याच उंचीच्या विटा. माणसासह गाडीचं वजन ९४ किलो असेल तर पुढच्या दोघांवर मिळून ६२ ते ६६ हवं. कमी असेल तर सीट पुढे घ्या. ७६० ट्रॅकला, पुढे ६७ टक्के वजन आणि वजनाचा मध्य ४५० मिमी उंचीवर असेल तर १० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २७ किमीच्या आसपास आतलं चाक उचलतं. सीट १० सेमी वर घेतली की तेच २४ वर येतं. अंग आत झुकवलं की थोडी सूट मिळते. म्हणून ‘दिसायला बरं’ म्हणून सीट उंच करू नका, दिसण्यासाठी काठी लावा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि त्यांच्या चालकाला ६० सेमी उंचीचं काही दिसत नाही. सहा फूट काठी, नारिंगी कापड, मागे लाल दिवा.

पेडलला टाचेचा पट्टा विसरू नका. या बैठकीत पाय निसटला तर खाली जमिनीवर जातो, गाडी पुढे चालूच असते, आणि पाय आडव्या पाइपखाली दुमडतो. हाड मोडण्याचा हा ठरलेला प्रकार आहे.

सीटला फोम नको, मे महिन्यात पाठ भिजून निघते. पलंगाची नायलॉनची नवार चौकटीवर आडवी-उभी विणा, हवा खेळते आणि खड्डेही थोडे गिळले जातात. बाभळीच्या काट्यांचा हिशोब मात्र आधीच करून ठेवा. दुचाकीची दोन चाकं एकाच रेघेत जातात, इथे रेघा तीन आहेत, त्यामुळे पंक्चरही त्याच मापात. टायरच्या आत जाड पट्टी टाका. पावसाळ्यात काळ्या रानातल्या गाडीवाटेवर नेऊ नका: पुढची चाकं चाकोरीच्या मापाची नसतात, मागचं मधल्या गवताच्या वरंब्यावर चढतं, आणि चिखल आडव्या पाइप आणि टायरमध्ये बसून चाक जागेवर थांबवतो.

पहिली चाचणी माणसाशिवाय. सपाट डांबरी रस्त्यावर हँडल थोडं वळवून गाडी मागून ढकला, हात सोडा. चार-पाच मीटरांत चाकं आपोआप सरळ झाली पाहिजेत. मग बसून ताशी १० किमीला हँडल नुसत्या बोटांनी धरून एकच ब्रेक दाबा. गाडी थोडी त्या बाजूला जाईल, पण हँडल हिसकणार नाही. हिसकलंच तर समोरून बघता किंगपिनची रेषा टेकातून गेलेली नाही, सळई आणि ओळंबा परत काढा. पहिल्या ५० किमीनंतर कप बसतात आणि ढिले होतात, ते आवळून टो-इन पुन्हा मोजा. वाकलेला १० मिमीचा एक्सल सरळ करून दुसरीकडे कुठे वापरू नका, वाकला त्या जागी त्याला आतून चीर गेलेली असू शकते आणि ती बाहेरून दिसत नाही.